दम कमी नाही, दम गळतोय: पहिल्या ट्रायथलॉनसाठी पोहण्याची तयारी

पन्हाळ्याचा चढ सायकलनं न थांबता काढणारी, रविवारी पहाटे रंकाळ्यावरून सुरुवात करून पंधरा-वीस किलोमीटर पळून येणारी माणसं टँकमध्ये उतरतात आणि पन्नास मीटरला भिंत धरून उभी राहतात. गॉगल कपाळावर, तोंड उघडं, छाती वर-खाली. शेजारच्या लेनमधून साठीचे एक काका, पोट सुटलेले, संथपणे जातात, येतात, परत जातात. त्यांची लय मोडत नाही. पळणाऱ्या गड्याला हे जिव्हारी लागतं आणि तो मनाशी ठरवतो की आपला स्टॅमिना कमी पडतोय, उद्यापासून अजून जोर लावायचा. इथंच गणित चुकतं.

पहिल्यांदा ट्रायथलॉनला उतरणाऱ्या बहुतेकांचा दम कमी नसतो, तो गळत असतो. पंक्चर ट्यूबमध्ये कितीही हवा मारली तरी उपयोग नाही. आधी पंक्चर काढायचं, मग हवा. पोहण्याचा दमसास वाढवणं म्हणजे याच क्रमानं काम करणं. बरेच जण उलट्या क्रमानं करतात आणि दोन महिन्यांत कंटाळून परत सायकलवर बसतात.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोहणं, सायकल आणि पळणं एकामागून एक, घड्याळ मध्ये थांबत नाही, कपडे आणि बूट बदलायचा वेळही त्यातच धरला जातो. आजच्या रूपातली पहिली ट्रायथलॉन 1974 साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे इथं झाली, 1978 साली हवाईत आयर्नमॅन सुरू झाली आणि 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळाला जागा मिळाली. स्प्रिंट प्रकारात 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर पळणं असतं. ऑलिंपिक अंतर त्याच्या बरोबर दुप्पट. पूर्ण आयर्नमॅनला 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. कोल्हापुरात ‘लोहपुरुष’ ट्रायथलॉन होते, तिचं पोहणं राजाराम तलावात असतं. पोहणं सगळ्यात आधी ठेवण्यामागं साधा विचार आहे: दमलेला माणूस रस्त्यावर बसू शकतो, पाण्यात बसू शकत नाही.

नवख्यानं स्प्रिंटच धरावी. 750 मीटर म्हणजे 25 मीटरच्या टँकमध्ये 30 लॅप. एक लॅप म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. जाऊन-येऊन एक धरणाऱ्यांनी आपला हिशेब आधी तपासून घ्यावा, नाहीतर तलावात उतरल्यावर अंतर अंगावर येतं.

श्वास सोडायचा राहून जातो

जमिनीवर श्वास कधी घ्यायचा हे आपण ठरवत नाही, शरीर बघून घेतं. फ्रीस्टाइल पोहताना तोंड पाण्यात असतं आणि श्वासासाठी जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद मिळतो. नवख्या माणसाचं तोंड पाण्यात गेलं की तो आपसूक श्वास कोंडून धरतो. मग मान वळवली की त्या अर्ध्या सेकंदात दोन कामं येतात, जुनी हवा बाहेर आणि नवी आत. दोन्ही अर्धवट होतात. आठ-दहा हात मारले की छाती भरलेलीच असते, पण शिळ्या हवेनं.

त्या वेळी जी घुसमट होते ती ऑक्सिजन संपल्याची नसते. ‘श्वास घे’ हा हुकूम मेंदू सोडतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळं. ऑक्सिजन अजून पुरेसा असतो, तरी जीव घाबरा होतो. जीव घाबरला की हात भरभर चालतात, हात भरभर चालले की कार्बन डायऑक्साइड आणखी साठतो आणि मग दिसते ती फक्त समोरची भिंत. पळताना कमावलेली फुप्फुसं इथं काही करू शकत नाहीत, कारण अडचण हवा आत येण्याची नसून बाहेर जाण्याची आहे.

टँकवरचा हा संवाद कोणत्याही उन्हाळ्यात ऐकायला मिळतो.

“काका, दमच पुरंना झालाय.”

“पुरतोय की. जुना सोडतच न्हाईस, मग नवा जाणार कुठं?”

सोडायचा कसा, तर तोंड पाण्यात असेपर्यंत बुडबुडे चालू ठेवायचे, नाकातून किंवा नाका-तोंडातून, सावकाश. तोंड बाहेर वळण्याच्या क्षणी उरलेला श्वास एका फुंकरीत सोडायचा आणि बाहेर आल्यावर फक्त घ्यायचा. छाती पार रिकामी करायची नाही, नाहीतर अंग बुडायला लागतं. छातीइतक्या पाण्यात कठड्याला धरून उभं राहा, चेहरा पाण्यात घाला आणि घशातून ‘हूंऽऽ’ असा आवाज काढत राहा. आवाज चालू असताना श्वास कोंडता येत नाही, एवढंच त्यातलं मर्म. आवाज संपत आला की मान बाजूला वळवून श्वास घ्या आणि पुन्हा खाली. हे दहा मिनिटं केलं तर बघणाऱ्यांना हसू येतं. येऊ द्यावं. पहिल्या दोन आठवड्यांत याच्याइतका फायदा दुसऱ्या कशानंही होत नाही.

दर तीन हातांनी, म्हणजे आलटून पालटून दोन्ही बाजूंनी श्वास घ्यावा असा आग्रह बरेच कोच धरतात. दोन्ही बाजू यायला हव्यात हे खरं. तलावात एका बाजूनं ऊन डोळ्यांवर आलं किंवा लाट आली तर दुसरी बाजू उपयोगी पडते. पण दमसास वाढवायच्या काळात नवख्यानं दर दोन हातांनी श्वास घ्यावा असं माझं मत आहे. हवा फुकट मिळते, ती नाकारून उपाशी पोहण्यात शहाणपण नाही.

एक धोका इथंच सांगून ठेवतो. भराभरा खोल श्वास घेऊन मग पाण्याखालून कोण लांब जातो, अशी पैज पोरं लावतात. जोरजोरात श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यामुळं मेंदूचा इशारा वेळेवर येतच नाही. ऑक्सिजन मात्र संपत जातो आणि काही न जाणवता शुद्ध हरपते. चांगले पोहणारेही यात बुडतात. दमसास वाढवायचा हा मार्ग नव्हे.

पाय बुडाले की सगळं महाग

पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट आहे. त्यात वेग वाढवला की पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी ताकद साधारण घनाच्या प्रमाणात. आकड्यात सांगायचं तर वेग 10 टक्के वाढवायला ताकद जवळपास 33 टक्के जास्त लागते. पळताना जोर लावला की त्याचं फळ दिसतं. पाण्यात जोर लावला की बराचसा पाण्यातच जिरतो. सायकलवर शरीरानं खर्च केलेल्या ऊर्जेतले 20 ते 25 टक्के प्रत्यक्ष कामाला येतात. नवख्या पोहणाऱ्याच्या बाबतीत तो आकडा दहाच्याही खाली असतो. म्हणून ताकद वाढवण्यापेक्षा विरोध कमी करणं कितीतरी स्वस्त पडतं.

विरोध सगळ्यात जास्त वाढवतात ते खाली लोंबणारे पाय. फुप्फुसं हवेनं भरलेली, म्हणून छाती तरंगते. कमरेखालचा भाग जड. साडेचार-पाच किलोचं डोकं श्वासासाठी वर उचललं की कंबर खाली जाते, अंग तिरकं होतं आणि पाण्याला ढकलायला मोठा पृष्ठभाग मिळतो. स्नायू पाण्यापेक्षा जड, चरबी पाण्यापेक्षा हलकी. त्यामुळं तालमीत हजार बैठका मारलेला, भरल्या मांड्यांचा पैलवान पाण्यात शिरला की पाय पहिल्यांदा तळाकडे निघतात, आणि मघाच्या काकांचं पोट इथं बिनबोभाट कामाला येतं. सडपातळ पळणाऱ्यांचंही पैलवानासारखंच होतं.

नजर समोरच्या भिंतीकडं नको, तळावरच्या रेघेकडं हवी. श्वासासाठी डोकं उचलायचं नाही, खांद्यासकट अंग कुशीवर वळवायचं आणि त्याच्याबरोबर तोंड बाहेर येऊ द्यायचं. गॉगलची एक काच पाण्यात आणि एक बाहेर राहिली तर बरोबर जमलं असं समजावं. दोन्ही काचा बाहेर आल्या म्हणजे डोकं उचललं गेलं. टँकवर एखाद्या मित्राला कठड्यावर बसवून फक्त एवढंच बघायला सांगा. मोबाइलवर व्हिडिओ काढला तर आणखी उत्तम. आपण मनात जसे पोहतो आणि व्हिडिओत जसे दिसतो यातलं अंतर बघून बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो.

पायांची किक हा वेगळाच विषय. सायकल आणि पळण्यानं घोटे कडक झालेले असतात, पाऊल सरळ मागं ताणलं जात नाही. अशा माणसाला किकबोर्ड देऊन फक्त पाय मारायला सांगितलं तर तो जागेवरच राहतो. काही जण चक्क मागं सरकतात. मग तो चिडून गुडघ्यातून पाय आपटतो, फेस भरपूर निघतो आणि दम तिथंच संपतो, कारण मांड्यांचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे आणि ऑक्सिजनला सगळ्यात खादाड. ट्रायथलॉनमध्ये पायांना पुढं दोन मोठी कामं आहेत. पाण्यात त्यांचं काम कंबर वर ठेवणं आणि अंगाचा तोल सांभाळणं एवढंच. हाताच्या एका फटक्याला एक हलकी किक, कमरेपासून, घोटा सैल.

आपल्याकडं पोहण्याचं नाव निघालं की वीरधवल खाडे आठवतो, आणि ते साहजिक आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरलेला आणि 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळवलेला हा कोल्हापूरचा जलतरणपटू. पण ती शर्यत 25 सेकंदांच्या आत संपते. त्यात पाय सुसाट चालतात आणि श्वास जवळजवळ घेतलाच जात नाही. त्याचे व्हिडिओ बघून 750 मीटरची तयारी करणं म्हणजे शंभर मीटरच्या धावपटूकडं बघून मॅरेथॉन पळणं. अभिमान ठेवावा, नक्कल करू नये.

मांड्यांमध्ये धरायचा फोमचा पुल बॉय मिळाला की पाय तरंगतात आणि सगळं सोपं वाटतं. अंग आडवं असल्यावर कसं वाटतं याची चव घेण्यापुरता तो चांगला. रोज तोच लावून पोहणाऱ्यांचं स्पर्धेच्या दिवशी काय होतं ते सांगायला नको.

विहिरीतले आणि टँकमधले

कोल्हापूर जिल्ह्यात पोहणारे ढोबळमानानं दोन जातीचे असतात. एक करवीर, कागल, राधानगरीकडच्या गावात विहिरीत पवायला शिकलेले. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर रिकामा डबा बांधून कुणीतरी काकानं किंवा थोरल्या भावानं ढकलून दिलेले. पायाखाली तीस-चाळीस फूट पाणी आहे ही गोष्ट त्यांच्या मनालाही शिवत नाही. कठड्यावरून मुटका मारायचा, वर यायचं, आठ-दहा हातांत पायऱ्या. डोकं कायम बाहेर, हात पाण्यावर थापटल्यासारखे. पंचगंगेच्या घाटावर शिकलेलेही थोडेफार याच वळणाचे.

दुसरे टँकमध्ये उन्हाळी बॅचला शिकलेले. हात बरोबर, गॉगल-टोपी बरोबर, बाजूनं श्वास घ्यायलाही येतो. पण तळ दिसतोय आणि चार हातांवर भिंत आहे, या भरवशावर सगळं उभं. खोल बाजूला तळाच्या फरश्या पुसट व्हायला लागल्या की हात घाईला येतात. तळ अजिबात न दिसणारं पाणी समोर आलं की शंभर मीटरची ऐपत असलेला माणूस वीस मीटरला परत फिरतो.

यांतला लवकर कोण तयार होतो असं विचाराल तर मी विहिरीतल्या गड्यावर पैसे लावीन. शैली शिकवता येते. भीती घालवायला जास्त वेळ लागतो आणि ती कधी परत येईल सांगता येत नाही. विहिरीतल्यानं चेहरा पाण्यात घालायला शिकावं, त्याची अर्धी लढाई तिथंच संपते. मात्र त्याचा अहंकार आडवा येतो; लहानपणापासून पवतोय, मला काय शिकवताय, असं म्हणत तो डोकं वर ठेवूनच दोनशे मीटर रेटतो आणि मान धरून बाहेर येतो. टँकमधल्यानं आठवड्यातून एकदा तरी खोल बाजूला जागच्या जागी, भिंतीला हात न लावता दोन-तीन मिनिटं तरंगत राहावं, पाठीवर पडून श्वास शांत करता येतो का ते बघावं. लॅप मोजण्याच्या नादात हे कुणी करत नाही. 750 मीटरच्या तयारीतलं निम्मं काम तेच आहे.

भिंत कमी करत जायचं

पंक्चर निघालं, आता हवा. पळणाऱ्याचं हृदय आधीच तयार असतं, मग पोहण्याचा सराव शून्यापासून का करायचा? कारण हृदय रक्त पाठवतं, पण ते वापरायची सोय त्या त्या स्नायूत व्हावी लागते. ज्या स्नायूंना काम मिळतं त्यांच्यातच बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं आणि पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढते. पळून ती मांड्या-पोटऱ्यांत वाढली. पोहण्याचा भार पाठीच्या रुंद स्नायूंवर, खांद्यांवर आणि दंडांवर असतो, आणि ते बिचारे आजवर हँडल धरून बसलेले. त्यांना त्यांचे आठवडे द्यावेच लागतात. 25 मीटर कसंबसं जाणाऱ्यानं स्पर्धेआधी तीन-चार महिने हाताशी ठेवावेत.

आठवड्यातून तीनदा पाऊण तास पोहणं हे रविवारी एकदाच दोन तास डुंबण्यापेक्षा केव्हाही चांगलं. पाण्याची ओळख चार दिवसांत पुसट होते, आणि दमलेल्या खांद्यांनी मारलेले शेवटचे वीस लॅप चुकीच्या सवयीच पक्क्या करतात. त्याच कारणानं ‘आज न थांबता जितकं जमेल तितकं’ हा सराव मला पटत नाही. नवखा न थांबता पोहतो तेव्हा पहिले 75 मीटर नीट आणि पुढचं सगळं वेडंवाकडं जातं. थांबत थांबत पोहलं तर प्रत्येक तुकडा नीट पोहता येतो आणि एकूण अंतरही जास्त होतं.

सुरुवातीचा एक सराव असा असू शकतो: कोणत्याही पद्धतीनं, हवं तिथं थांबत 200 मीटर सावकाश, 25-25 मीटरचे चार तुकडे फक्त बुडबुडे आणि डोक्याच्या स्थितीकडं लक्ष देऊन, मग 50 मीटरचे आठ तुकडे, प्रत्येकानंतर 20 ते 30 सेकंद भिंतीला, शेवटी 100 मीटर पाठीवर किंवा ब्रेस्टस्ट्रोकनं. बेरीज 800 होते. न थांबता 100 मीटरही जमत नसलेल्या माणसानं त्या दिवशी स्पर्धेपेक्षा जास्त अंतर पोहलेलं असतं. मनावर याचा फार चांगला परिणाम होतो.

पुढची वाट या मुख्य भागातूनच जाते. 50 चे आठ जमले की बारा करा, म्हणजे 600 मीटर. ते सहज व्हायला लागले की 600 तसेच ठेवून तुकडे बदला: 100 चे सहा. काही आठवड्यांनी 200 चे तीन. मग 300 चे दोन. मग एकदम 600. अंतर तेच, मधली भिंत तेवढी कमी होत गेली. थांबण्याचा वेळही 30 सेकंदांवरून 20, 15 असा उतरवायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तुकडा लांबवला त्या आठवड्यात विश्रांती कमी करायची नाही. 600 न थांबता झाले की 750 ला फार काही लागत नाही.

जोर किती लावायचा हे पळण्याच्या घड्याळावरून ठरवू नका. आडवं अंग आणि गार पाणी यामुळं तेवढ्याच मेहनतीला नाडीचे ठोके पळण्यापेक्षा कमी पडतात, मिनिटाला साधारण दहाच्या आसपास. भिंतीला थांबल्यावर वीस सेकंदांत एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, ही कसोटी पुरेशी आहे. ‘अजून किती राहिले रे’ एवढं एका दमात म्हणता येत नसेल तर पुढचा तुकडा सावकाश.

लॅपला किती हात लागतात तेही मोजत चला. 25 मीटरला 30 हात लागत असतील आणि दोन महिन्यांत ते 24 वर आले, तर दमसास वाढला असं खुशाल म्हणा, कारण प्रत्येक लॅपला सहा फटके वाचले. याचा अतिरेकही होतो. हात पुढं ताणून नुसतं सरकत राहायचं आणि आकडा कमी करायचा, असं केलं की मध्येच वेग मरतो आणि तो परत उचलायला जास्त ताकद जाते.

खांदा दुखायला लागला तर दुखणं दाबून पोहायचं नाही. बहुतेक वेळा हात पाण्यात शिरताना डोक्याच्या मधल्या रेषेच्या पलीकडं जात असतो, त्याचा तो भुर्दंड. हात खांद्याच्या रेषेत शिरू द्यावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांनी या सगळ्याच्या आधी डॉक्टरांना दाखवून घ्यावं.

आपला वेग कोणता

एवढं जमलं की आपला टिकणारा वेग काढता येतो. एका दिवशी नीट अंग मोकळं करून 400 मीटर जमेल तितक्या जोरात, पण एकसारखं पोहा आणि वेळ लिहून ठेवा. पुरेशी विश्रांती घेऊन 200 मीटर तसंच. समजा 400 ला 11 मिनिटं लागली आणि 200 ला 5 मिनिटं 10 सेकंद. वजाबाकी 5 मिनिटं 50 सेकंद. मधल्या 200 मीटरचा तो वेळ, म्हणजे 100 मीटरला 2 मिनिटं 55 सेकंद. हा साधारण तो वेग ज्याच्या वर गेलात की थकवा झपाट्यानं साठायला लागतो. शंभराचे तुकडे याच वेगानं, स्पर्धेतलं पोहणं शंभराला पाच-दहा सेकंद सावकाश. दीड महिन्यानं पुन्हा मोजा.

सुरुवातीला या आकड्याचा खरा उपयोग स्वतःला आवरण्यासाठी होतो. नवखा माणूस पहिला तुकडा हमखास जोरात मारतो, आणि घनाचा तो हिशेब लगेच वसूल होतो.

राजाराम तलावात उतरल्यावर

टँकमध्ये दर 25 मीटरला भिंतीला पाय मारून दोन-चार मीटर फुकट मिळतात आणि एक श्वासही. तलावात दोन्ही गोष्टी नाहीत. त्यामुळं टँकमध्ये 750 जमलं की तलावासाठी 1000 जमेपर्यंत थांबावं, हे बरं.

वर दिशेचा घोळ असतो. तळावरची रेघ गेली, समोर हिरवट अंधार, आणि प्रत्येकाचा एक हात दुसऱ्यापेक्षा थोडा जोरात असतो, त्यामुळं माणूस हमखास वळत जातो. बघून बघून पोहलं नाही तर 750 चे 850 सहज होतात. दर आठ-दहा हातांनी फक्त डोळे पाण्याबाहेर येतील एवढंच डोकं समोर उचलायचं, लांबची खूण बघायची आणि लगेच बाजूनं श्वास घ्यायचा. तरंगता बोया लाटांमुळं दिसत नाही. काठावरचं एखादं मोठं झाड किंवा इमारत आधीच हेरून ठेवावी. हे उचलणं टँकमध्ये सरावलेलं असावं, कारण प्रत्येक वेळी पाय थोडे खाली जातातच.

गर्दीत कुणाचा हात पाठीवर पडतो, कुणाची टाच गॉगलला लागते. नवख्यानं कडेला किंवा मागं उभं राहावं, दहा सेकंद सोडून निघावं आणि पहिले शंभर मीटर हास्यास्पद वाटेल इतक्या सावकाश जावेत. घाबरल्यासारखं झालं तर पाठीवर व्हायचं, लांब श्वास सोडायचा, चार-पाच श्वासांत छाती जागेवर येते. कोणत्याही पद्धतीनं पोहलं तरी नियम आड येत नाही. थांबलेल्या होडीला किंवा बोयाला धरून दम खायलाही परवानगी असते, फक्त त्याच्या आधारानं पुढं सरकायचं नाही. आपल्यापेक्षा किंचित वेगवान माणसाच्या पायांमागं राहिलं तर कमी मेहनतीत जाता येतं. पोहण्यात त्याला बंदी नाही. त्याच्या टाचांना सारखा हात लावू नये एवढी माणुसकी पाळावी, आणि तो चुकीच्या दिशेला चालला नाही ना हे मधून मधून बघावं.

सरावासाठी तलावात एकट्यानं कधीही उतरू नका, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. कमरेला बांधायचा रंगीत फुगा लावा, म्हणजे काठावरून तुम्ही दिसता. पावसाळ्यात नदीचं नावही काढू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ असतात, पण इशारा पातळीच्या खूप खालीही जुलैतल्या त्या पाण्याची ओढ माणसाला पेलत नाही. पाणी कमी असतं तेव्हा त्याची घाण आडवी येते. (बंधारा नदीवर कसबा बावड्याकडं, तलाव विद्यापीठाजवळ. बाहेरगावच्यांची यात नेहमी गफलत होते.)

पोटरीत गोळा येणं हा तलावातला नेहमीचा पाहुणा, विशेषतः पाऊल ताणून धरणाऱ्यांकडं येणारा. पाठीवर व्हा, पायाचा अंगठा धरून नडगीकडं ओढा, गोळा सुटला की त्या पायाला विश्रांती देत हातांवर पुढं जा. सकाळी पोटात काय असावं याचंही लोक विचारतात. दोन तास आधी एखादं केळं, थोडे पोहे, एवढं बास. पोहून आल्यावर भूक सणसणून लागते आणि कोल्हापुरात तिची सोय लावायला मिसळीची गाडी फार लांब नसते. फक्त ते नंतर.

काठ जवळ आला की शेवटच्या 50 मीटरला पाय थोडे जोरात मारा. इतका वेळ आडवं अंग एकदम उभं झालं की डोळ्यांपुढं अंधारी येते. पायांत रक्त खेळतं असलं तर ती कमी येते. हाताला चिखल लागेपर्यंत पोहत राहा, गुडघाभर पाण्यात चालायला गेलात तर उगाच दमाल. उभे राहा, दोन पावलं सावकाश टाका, गॉगल कपाळावर घ्या आणि आपली सायकल कितव्या रांगेत लावली होती ते आठवत पळायला लागा.